हाडात बसलेलं औषध

माझा धाकटा भाऊ मारोती मोटरी कानानं दुरुस्त करतो. नार्नूरच्या आसपास कुणाच्या विहिरीवरची मोटर रुसली की लोक आधी मारोतीला बोलावतात, वायरमनला नंतर. त्याच्याकडे एक लोखंडी सळई आहे. तिच्या एका टोकाला त्यानं बोराएवढी लाकडी गोटी बसवली आहे. सळईचं उघडं टोक चालत्या मोटरीवर टेकवायचं, गोटी कानात दाबून बसवायची आणि डोळे मिटायचे. मग तो सांगतो, बेअरिंग गेलंय, की शाफ्ट घासतोय, की नुसतंच व्होल्टेज कमी आहे. गावात त्या सळईला 'ऐकणी' म्हणतात. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. जेव्हा निघत नाही तेव्हा तो मोटरीला दोष देतो.

त्याच ऐकणीनं त्याचा जीव घ्यायला घेतला होता, आणि घरातल्या शिकलेल्या माणसांनी तिला हातभार लावला. म्हणून हे लिहिते आहे. मी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, आदिलाबादेत एकटी राहते. गोड बोलणं मला नोकरीत जमलं नाही, आता तर प्रश्नच नाही.

ग्रीस लागलेली गोटी वर्षानुवर्षं उजव्या कानात जात होती. कानाला खाज सुटायची. त्यावर मारोतीचा स्वतःचा उपाय होता. मोटर वाइंडिंगची तांब्याची तार वाकवून तो आकडा करायचा, टोकाला बोंडातला कापूस गुंडाळायचा आणि कान खरवडायचा. मी एकदा ती तार हातातून हिसकावली होती.

"आक्का, वाइंडिंगच्या तारेले वार्निश असते," तो मला समजावत म्हणाला. "गंजत नाई ते. तुह्या केसाच्या पिनीपेक्षा चांगली."

"मी कानात पिना घालत नाही."

"म्हनून तुले कमी ऐकू येते."

हा असा आहे. बाप गेल्यावर यानं शाळा सोडली, चंद्रपूरच्या एका वर्कशॉपात झाडू मारता मारता वाइंडिंग शिकला आणि परत येऊन टिनाचं शेड टाकलं. ज्या शेतांवर आमच्या बापानं सालदारकी केली त्याच शेतांचे मालक याला मोटरसायकलवर मागे बसवून नेतात. याचा त्याला गर्व आहे, आणि असावा. पण त्याच गर्वानं त्याला रक्तातल्या साखरेची गोळीही नीट घेऊ दिली नाही. गोळी आठवली तर घ्यायची. आठवायची कधी, तर पाय जळजळले की.

गेल्या वर्षी कापसाची पहिली वेचणी चालू असताना कान ठणकायला लागला. त्याची बायको ताराबाई लसूण घालून तेल तापवायची आणि कानात सोडायची. गावातल्या सुई टोचणाऱ्यानं थेंब दिले. थेंब संपले, ठणका राहिला. मग शहरातला कानाचा डॉक्टर झाला. त्यानं पिचकारीनं नळाचं पाणी मारून कान धुतला, बुरशी आहे म्हणाला आणि पुन्हा थेंब दिले. महिन्यानं परत गेला तर परत धुतला. साखर किती आहे, हे एकानंही विचारलं नाही. साखरेच्या रोग्याचा कान पाण्यानं धुवायचा म्हणजे पेंढीत निखारा टाकून वारा घालायचा. हे मला नंतर कळलं. त्या डॉक्टरला आधी कळायला हवं होतं, त्याच्या दारावर पाटी आहे.

मग एक दिवस ताराबाईचा फोन आला.

"आक्काबाई, ह्यायचं तोंड वाकडं झालं. अंगावरून वारा गेला म्हन्तेत लोकं. आमी औषध देनाऱ्याकडं नेऊन आनलं."

"कोणतं औषध?"

"कबुतराचं."

मी गेले तेव्हा मारोतीच्या उजव्या गालावर वाळलेलं रक्त होतं. कबुतर कापून त्याचं ऊन रक्त गालाला चोळलं की वाकडं तोंड सरळ होतं म्हणे. घरात बुद्धाची मूर्ती, रोज सकाळी पंचशील, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत कबुतर. त्याचा उजवा डोळा मिटत नव्हता. चहा ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळत होता आणि तो ते न दिसल्यासारखं करत होता. मी गाडी सांगितली आणि नवराबायकोला नागपूरला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टर पूनम वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी आधी कानात पाहिलंच नाही. त्याला शेजारी बसवलं.

"घास चावताना दुखतं का?"

"भाकर सोडली. भातच खातो."

"रात्री झोप लागते?"

"कान लागू देत नाई."

"साखर किती असते?"

"चहात दोन चमचे."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी बोटातून थेंब काढला, आकडा पाहिला, मग कानात नळी घालून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "काका, हा कानाचा आजार राहिलेला नाही. कानातून तो हाडात उतरलाय, कवटीच्या तळाच्या हाडात. चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते. म्हणून तोंड वाकडं झालं. वारा नाही, कबुतर नाही."

सीटी स्कॅन काढला. त्यात म्हणावं असं काही दिसलं नाही. ताराबाईनं हात जोडले. उटनूरच्या सरकारी कार्यालयात क्लार्क असलेला त्यांचा मुलगा हर्षदीप फोनवर म्हणाला, "मंग झालं ना आत्या. रिपोर्ट चांगला हाय. घरी आना त्यायले."

पूनमबाईंना मी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "बरंचसं हाड झिजून जाईपर्यंत हा फोटो गप्प बसतो. मला त्याच्या आधी कळायला हवंय." आणि त्यांनी आम्हाला न्यूक्लिअर मेडिसिनला पाठवलं.

पाटी वाचून ताराबाई दारातच थांबली. "बॉम्बाचं हाय काय हे?"

मी तिला खुर्चीत बसवून सांगितलं, तेच इथे सांगते. शिरेत एक औषध टोचतात. ते अंगभर फिरतं आणि जिथे हाडाची मोडतोड-डागडुजी जोरात चालू असेल तिथे जास्त जमतं. त्या औषधातून थोडे किरण निघतात. यंत्र स्वतः काही सोडत नाही. ते माणसातून येणारे किरण टिपतं, एवढंच.

मारोती हे ऐकत होता. वाकड्या तोंडानं म्हणाला, "म्हंजे हे मशीन आपली ऐकणीच व्हय. आपन बोलाचं नाई, मोटर काय बोलते ते ऐकाचं."

या एका वाक्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं असतं. तासाभरानं केलं नाही, कारण पलंगावर निजवल्यावर तो तिथल्या माणसाला यंत्राच्या पंख्याचा आवाज ठीक नाही असं सांगत होता.

चित्र पडद्यावर आलं. सगळा सांगाडा फिका करडा, आणि उजव्या कानाखाली आतल्या बाजूला काळाकुट्ट डाग, शाई सांडल्यासारखा. सीटीनं जे सांगितलं नव्हतं ते या डागानं सांगितलं. मग कानातला तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता. पाण्यात वाढणारा एक चिवट जंतू निघाला. पूनमबाई म्हणाल्या, "काका नशीबवान आहेत. हाच डाग कवटीच्या मधल्या रेघेपर्यंत पोचल्यावर लोक माझ्याकडे येतात."

साखर आवरायला आणि शिरेतून इंजेक्शनं द्यायला त्याला ठेवून घेतलं. दोन आठवड्यांनी ठणका गेला, डोळा अर्धा मिटायला लागला. उरलेली इंजेक्शनं गावात नर्सबाईकडून घ्यायची आणि शेवटी पुन्हा एक स्कॅन करायला यायचं, असं ठरवून त्याला घरी सोडलं. मी आदिलाबादला उतरले. माझी चूक म्हणायची तर एवढीच, की ज्यांनी कबुतर कापलं त्यांच्यावर मी शहाणपण सोपवलं.

काही दिवसांनी भाकरीचं पीठ आणि मेथीदाण्याचा डबा घेऊन मी त्याला भेटायला गेले. घरात मारोती नव्हता. हर्षदीपची बायको अर्पिता दारात बसून शाळेच्या वह्या तपासत होती. ती पोटुशी, सातवा लागलेला. मला पाहून उठायला लागली.

"बस. मारोती कुठे आहे?"

तिनं खाली पाहिलं. "शेडात."

शेडात उघडलेल्या मोटरींच्या मध्ये खाट होती. खाटेवर मारोती, हाताला सलाईनची पट्टी. उशाशी ताट, वाटी आणि एक स्टीलचा पेला. पेल्याच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला.

"इथं काय करतोस?"

"राहून राह्यलो."

"आणि हा दोरा?"

"वळख," तो म्हणाला. "घरातल्या पेल्यात मिसळू नये म्हनून."

तो हे इतक्या सहज म्हणाला की मला आधी समजलंच नाही. समजल्यावर मी तिथेच, मोटरीच्या कवचावर बसले.

झालं असं होतं. स्कॅनच्या दिवशी तिथल्या माणसानं दारातूनच ताराबाईला हिंदीत सांगितलं होतं, की आजचा दिवस गरोदर बाईच्या आणि लहान मुलांच्या फार जवळ बसू देऊ नका, पाणी भरपूर पाजा. ताराबाईनं घरी येऊन ते सांगितलं. 'आजचा दिवस' मात्र गाडीतच सांडला. आणि माझं वाक्य तिनं बरोबर उचललं होतं, की औषध हाडात जाऊन जमतं. हर्षदीपनं मोबाईलवर रेडिएशन हा शब्द शोधला, वितळलेल्या अणुवीज कारखान्यांचे फोटो पाहिले आणि बापाची खाट शेडात नेली.

तो संध्याकाळी कार्यालयातून आला तेव्हा मी अंगणात उभी होते.

"हर्षदीप, तुझा बाप शेडात काऊन हाय?"

मी रागावले की गावची बोलते, हे त्याला माहीत आहे. तो गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "आत्या, तुमी तर सायन्सच्या मॅडम. ते औषध हाडात बसते. हाडात बसलेलं निघते काय? अर्पिताचं मागच्या वेळी काय झालं तुमाले मालूम हाय."

मला माहीत होतं. मागच्या वेळी चौथ्या महिन्यात गेलं. त्या मुलीच्या भीतीला मी नावं ठेवत नाही. भीती तिची होती, खाट यानं उचलली.

"किती दिवस बसतं, ते विचारलंस?"

"कोनाले?"

"ज्यांनी टोचलं त्यांना. फोन आहे ना तुझ्याकडे? वितळलेले कारखाने दिसतात, तेवढा एक नंबर दिसत नाही?"

"रिस्क कायले घ्याची?"

"आणि नर्सबाई रोज त्याचा हात धरून सुई देते, ती काय लोखंडाची आहे?"

तो म्हणाला, "तुमी उगीच तापता. आमी काय त्यायले उपाशी ठेवलं काय? येळेवर ताट जाते."

ताट जातं. हे शब्द मी या घरात पूर्वी ऐकले होते, माझ्या आजीच्या तोंडून. पाटलाच्या वाड्यामागे ताट जायचं. ताट नव्हे, पत्रावळ. पाणी वरून, ओंजळीत.

मी ताराबाईला सांगितलं, माझं पान शेडात वाढ. तिनं वाढलं. सगळे दारात उभे राहून पाहत होते. मी मारोतीच्या खाटेवर त्याच्या मांडीला मांडी लावून बसले, त्याचाच लाल दोऱ्याचा पेला उचलला आणि पाणी प्यायले. उरलेलं त्याला दिलं.

"आत्या, हे जातीचं नाई," हर्षदीप दारातून म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "हे सायन्स हाय."

"सायन्स असतं तर तू मुदत विचारली असतीस. औषधाला मुदत असते. मुदत नाही त्याला आपल्या घरात दुसरं नाव आहे, आणि ते तुला शिकवायची पाळी माझ्यावर येऊ नये."

मी तिथूनच पूनमबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्या म्हणाल्या, "ते औषध दुसऱ्या दिवशीच जवळजवळ संपलं होतं. काका त्या दिवसापासून तुमच्या-माझ्यासारखेच आहेत. त्यांना घरात घ्या."

खाट घरात गेली. ताराबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मले वाटलं हर्षदीप शिकलेला हाय." मला तिचीही कीव आली नाही. नवरा तिचा होता.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते. इंजेक्शनांचा क्रम संपत आला आणि मारोतीनं सांगून टाकलं की दुसऱ्या स्कॅनला तो येणार नाही.

"दुखत नाई आता. भाकर खातो. डोळा मिटते. कायले पुन्ना सुई टोचाची?"

"आतला जंतू मेला की नाही ते पाहायला."

"एका सुईनं शेडात गेलो आक्का. दुसरीनं शिवाराबाहेर जाईन." मग हळू म्हणाला, "अर्पिताचे दिवस भरत आले. मले लेकराले हातात घेयाचं हाय. पह्यल्या दिवशी."

आता माझा राग कुणावर काढायचा? पूनमबाईंना विचारलं, पहिल्यासारखाच स्कॅन करून एका दिवसात भागेल का. नाही भागणार. पहिलं औषध हाडाच्या डागडुजीला चिकटतं, आणि आजार मेला तरी डागडुजी कित्येक महिने चालूच राहते. तो डाग खोटं बोलत राहील. या वेळचं औषध वेगळं, गॅलियम नावाचं. ते जिथे जंतूंशी झुंज चालू असते तिथे जमतं. पण ते अंगात जास्त टिकतं. फोटो दोन-तीन दिवसांनी निघतो, आणि त्यानंतरही आठवडाभर तान्ह्या बाळाला कुशीत घ्यायचं नाही.

म्हणजे पहिला दिवस नाहीच. मी हे त्याच्यापासून लपवलं नाही. शेडात जाऊन सांगितलं. तो हातातल्या मोटरीत तोंड घालून बसला होता.

"मंग नाईच येत."

"ही कुणाची मोटर?"

"पांडुरंगवारची. आवाज करत होती. आता बंद झाला आवाज, म्हन्ते परत दे."

"मग दे."

"कशी देऊ? बेअरिंग अजून गरम होऊन राह्यलं. हात लावून पाह्य. आवाज नाई म्हंजे..." माझ्याकडे पाहून त्यानं पाना खाली ठेवला. "लय हुशार झाली तू."

"मी काहीच बोलले नाही."

"बोलाचं काय राह्यलं."

तो आला. सुई टोचून झाल्यावर त्यानं तिथल्या माणसाचा हात धरला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, मुदत कितनी, इसमें बोलो. आणि हर्षदीपचा नंबर लावून फोन त्याच्या तोंडापुढे धरला. त्या बिचाऱ्यानं सगळं सांगितलं, कुणापासून किती लांब, किती दिवस, आणि त्यानंतर काही नाही. मारोतीनं फोन परत कानाला लावला, डाव्या. "ऐकलं काय साहेब? आता मोबाईलमंदी कारखाने पाहू नको."

चित्रात डाग होता. लहान झालेला, फिका, पण होता. त्या दिवशी औषध बंद केलं असतं तर पूनमबाईंच्या म्हणण्याप्रमाणे उन्हाळ्याआधी तो पुन्हा पेटला असता, आणि मग आवरला नसता. औषध बदललं, क्रम वाढवला. मारोती माझ्याकडे आदिलाबादला राहिला. त्याला कुणी पाठवलं नव्हतं, तोच म्हणाला, मुदत संपेपर्यंत तुझ्याकडे. त्या आठवड्यात अर्पिताला मुलगी झाली. फोनवर फोटो आला. त्यानं तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला आणि माझ्या मिक्सरची मोटर उघडून बसला.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या सकाळी तो मला न सांगता बसस्टँडवर गेला. मी मागच्या बसनं पोचले. तो अंगणातच उभा होता, पायरीवर पाय न ठेवता. हर्षदीप दारात होता.

"मुदत संपली काय रे, साहेब?" मारोतीनं विचारलं.

हर्षदीप खाली पाहत म्हणाला, "कालच संपली, बाबा. अर्पिता सकाळपासून वाट पाहून राह्यली."

अर्पितानं स्वतः बाहेर येऊन मुलगी त्याच्या हातात दिली. त्याचं तोंड अजून थोडं वाकडं आहे. हसला की एकच बाजू हसते. पोरीनं त्या बाजूकडेच पाहिलं. आत जाताना मला मांडणीत तो पेला दिसला, बाकीच्यांत मिसळलेला, पण गळ्याला दोऱ्याचा लाल डाग तसाच. मी ताराबाईला तो राखेनं घासायला लावला. तिनं घासला, मी पाहिला, परत दिला. परत घासला.

शेडात गेले तर ऐकणी खुंटीला. गोटी नवीन, कोरी. डाव्या कानाच्या मापाची. मी ती सळई उचलून माझ्या पिशवीत घातली. अर्धी बाहेर राहत होती.

"आक्का," मारोती मागून म्हणाला, पोरगी खांद्यावर, "मोटरी कशानं ऐकू मंग?"

"हात लावून पाहा," मी म्हणाले, आणि बसला निघाले.